ठरवलेलं फिसकटलं आणि काहीच करावंसं वाटत नाही? मूडची वाट न बघता असं लागा कामाला

भरतीची अंतिम यादी मोबाईलवर येते. तीनदा वर-खाली करून बघितली तरी नाव सापडत नाही. शेजारच्या गावातल्या पोराचं आहे, आपलं नाही. दोन-तीन गुणांनी हुकलं. त्या रात्री घरात कुणी फारसं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर वाजतो आणि लगेच बंद होतो. पळायचे बूट खुंटीला लटकतात ते लटकलेलेच राहतात. आठवडा जातो, महिना जातो. "उद्यापासून बघू" असं रोज ठरतं आणि रोज राहून जातं.

गावोगावी ही गोष्ट वेगवेगळ्या रूपात घडत असते. कुणाची पेरणी पावसानं ओढ दिल्यानं वाया जाते. कुणी कर्ज काढून कोंबड्यांचं शेड घालतं आणि पहिल्याच बॅचला मर लागते. कुणाचं ठरलेलं लग्न मोडतं. कुणा पोरीचं पुढचं शिक्षण फीपायी अडतं. कारणं वेगळी, पण नंतरची अवस्था सारखीच. माणूस जागच्या जागी अडकतो. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." काही दिवसांनी तो स्वतःलाही तेच म्हणायला लागतो.

खरं तर हा आळस नसतो. आळशी माणसानं दीड वर्ष पहाटे उठून मैदान मारलं नसतं. मग त्याच माणसाचे हातपाय अचानक का गळतात, आणि त्यातून बाहेर पडायला नेमकं काय उपयोगी पडतं?

बेत मोडतो तेव्हा दिवसही मोडतो

भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा दिवस आठवून बघावा. पाचला उठायचं, मैदानावर जायचं, दहाला अभ्यासिकेत बसायचं, संध्याकाळी मित्रांबरोबर प्रश्नपत्रिका सोडवायची. कधी उठायचं, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, हे सगळं त्या एका बेतानं ठरवून दिलेलं असतं. निकाल हाती आला की स्वप्न तर जातंच, पण त्याच्याबरोबर दिवसाचा सगळा सांगाडाही कोसळतो. उठायला कारणच उरत नाही.

मग एक चक्र सुरू होतं. काही केलं नाही की "आज एवढं झालं" हे रोजचं छोटं समाधान मिळत नाही. समाधान नाही म्हणून मन आणखी खाली जातं. मन खाली गेलं की काही करावंसं वाटत नाही. मोकळा वेळ मोबाईल खाऊन टाकतो. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी दहाला उठणं. पारावर गेलं की कुणीतरी विचारणार, "काय झालं रे भरतीचं?" म्हणून पारावर जाणं बंद. मित्रांचा फोन उचलणं बंद. जी माणसं आणि जी कामं मनाला उभारी देत होती, तीच एकेक करून सुटत जातात.

दुसरीकडे डोक्यात एकच वाक्य फिरत असतं. "आधी मन लागू दे, मग कामाला लागतो." सगळी गाठ इथंच बसलेली असते. मन लागायची वाट बघत बसलं तर मन लागत नाही, कारण मन ज्याच्यावर जगतं ते कामच बंद पडलेलं असतं.

गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतून काय कळलं?

ही गाठ उलट्या बाजूनं सोडवता येते. मन ठिकाणावर यायच्या आधीच छोटं, ठरलेलं काम सुरू करायचं, आणि मनाला त्याच्या मागून येऊ द्यायचं. अमेरिकेत पीटर लेविन्सन आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या विचाराचा पाया घातला. पुढं त्यातून उपचाराची एक पद्धतच तयार झाली.

ही पद्धत आपल्या शेजारच्या गोव्यातही तपासली गेली आहे. 'संगत' ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकारातून २०१३ ते २०१५ या काळात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा अभ्यास झाला. तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते. बोलायला बसणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले साधे लोक होते. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णाला पुन्हा छोटी-छोटी कामं धरायला, माणसांत मिसळायला आणि अडचण सोडवायला मदत करत. तीन महिन्यांनी, या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना डॉक्टरांची नेहमीचीच देखभाल मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

अभ्यासातली माणसं आजारी होती. भरती हुकलेला किंवा धंद्यात बसलेला प्रत्येक जण काही आजारी नसतो. पण चक्र तेच असतं, फक्त कमी खोल. म्हणून ते तोडायची रीतही तीच.

शेतकऱ्याला हे आधीच ठाऊक आहे: दुबार पेरणीचा हिशोब

उगवण नीट झाली नाही तर शेतकरी काय करतो? वाईट वाटतंच. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली. पण मूड यायची वाट बघत तो बांधावर बसून राहिला तर हंगामच जाईल. तो रानात उतरतो आणि आधी मोजतो. ओळीत किती रोपं आहेत? मधे-मधे मोकळी जागा असेल, तर अख्खं रान मोडायचं कारण नाही, नांग्या भरल्या की भागतं. फारच विरळ असेल तरच मोडून पुन्हा पेरायचं. मग तो ओल बघतो, वापसा बघतो आणि तारीख बघतो. जुलैचा मध्य उलटला असेल तर मूग-उडदाची वेळ गेलेली असते. पण बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांना अजून वाव असतो. म्हणजे वेळ गेली तर पीक बदलायचं, रान पडीक ठेवायचं नाही.

मोडलेल्या कुठल्याही बेताला हाच हिशोब लावता येतो. एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. डोक्यात ठेवू नयेत, कारण डोक्यात सगळं एकच मोठं नुकसान दिसतं. कागदावर त्याचे भाग पडतात.

पहिली गोष्ट: नेमकं गेलं काय? पैसे, एक संधी, एक वर्ष, लोकांतली पत. जे गेलं तेवढंच लिहायचं. "आयुष्य वाया गेलं" हा हिशोब नव्हे.

दुसरी: उरलं काय? कमावलेला दम, शिकलेलं गणित, उभं असलेलं शेड, ओळखीचे व्यापारी, आणि काय चुकलं याची माहिती.

तिसरी: वेळ किती उरली? पुढची तारीख, वयाची अट, कर्जाचा हप्ता, हंगाम.

हे लिहून झालं की एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नांग्या भरायच्या, की पीक बदलायचं?

पोलीस भरतीचा कागद कसा भरायचा?

आपल्याकडच्या असंख्य घरांतली गोष्ट म्हणून पोलीस शिपाई भरतीचंच उदाहरण घेऊ. अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची होती. मैदानात पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मैदानात निम्मे गुण मिळाले आणि गुणांच्या क्रमात वर आलं, तरच लेखीला बोलावणं. लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण.

समजा, एका पोराचं नाव तीन गुणांनी हुकलं. "मी नापास" एवढंच धरून बसलं तर हातात काही राहत नाही. पण गुण वेगवेगळे मांडले आणि दिसलं की धावण्यात १८ आहेत, गोळ्यात मात्र सहाच, तर नांगी कुठं आहे ते कळलं. दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेलेली नाही. काम आता गोळ्याच्या तंत्रावर आहे. ते आठवड्यातून चार दिवस, अर्धा-अर्धा तास करता येतं.

वयाचाही हिशोब मांडायचा. शिपाई पदासाठी वयाची मर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षं असते. एखाद्या जाहिरातीत सवलतही असते, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात स्वतः वाचावी. वय २३ असेल तर नांग्या भरायला वेळ आहे. मर्यादेला सहा महिने उरले असतील, तर तयारीबरोबरच दुसरं पीक पेरायलाच हवं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवलेली बरी. "अजून किती वेळा?" हा आकडा निकालाच्या दिवशी ठरवू नये. त्या दिवशी माणूस एक तर "आता कधीच नाही" म्हणतो, नाहीतर "जिंकेपर्यंत" म्हणतो. दोन्ही रागाच्या भरात. पंधरा दिवसांनी, घरच्यांसोबत बसून आकडा ठरवावा. एक किंवा दोन भरत्या. आणि तोवर जोडीला थोडी का होईना कमाई धरावी. दुकानात अर्धा दिवस, दूध संकलनावर सकाळचा हिशोब, घरच्या शेतीतलं एक ठरलेलं काम. सगळा भार एकाच निकालावर टाकला की निकाल पडल्यावर घरही पडतं.

पहिला आठवडा: छोटं, ठरलेलं, रोजचं

पहिले दोन-तीन दिवस वाईट वाटू द्यावं. रडू आलं तर रडावं. "काही नाही झालं" असं दाखवण्यात शक्ती जाते. या दिवसांत एवढंच सांभाळायचं: वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि एका विश्वासाच्या माणसाला खरं सांगणं.

त्यानंतर रोज तीन छोटी कामं. एक अंगाचं, एक उपयोगाचं, एक माणसांचं. अंगाचं म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत चालत जाऊन येणं. उपयोगाचं म्हणजे गोठा झाडणं, एक धडा वाचणं, उधारीची वही लिहून काढणं. माणसांचं म्हणजे एका मित्राला फोन, आजीजवळ दहा मिनिटं बसणं.

काम इतकं छोटं असावं की वाईटात वाईट दिवशीही होईल. "पाच किलोमीटर पळणार" नको. "बूट घालून मैदानापर्यंत जाणार" एवढंच. तिथं गेल्यावर पळावंसं वाटलं तर पळावं, नाहीतर परत यावं. दहा मिनिटं झाली की त्या दिवशीचं काम पूर्ण झालं असंच मानावं. बऱ्याचदा दहाची वीस होतात, पण ती अट नाही.

वेळ आणि जागा आधी ठरलेली हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलेला लेख बराच गाजला. "अभ्यास करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की लगेच तमुक करीन" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते, असा त्याचा मुद्दा. आपल्या भाषेत सांगायचं तर, "सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवून लगेच बूट घालायचे." किंवा "धार काढून झाली की ओट्यावर बसून दहा गणितं." असं बांधून ठेवलं की मूड आहे का नाही, हे विचारायची वेळच येत नाही.

काम झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. एखादा दिवस हुकला तर हुकला. सलग दोन दिवस हुकू नयेत एवढंच बघावं.

आणि पारावरच्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवावं. "थोडक्यात हुकलं काका, बघतोय पुढचं." एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. हे एक वाक्य पाठ असलं की बाहेर पडायची धास्ती निम्मी होते.

या चार गोष्टी टाळलेल्या बऱ्या

एक, मोठी शपथ. "उद्यापासून चारला उठणार, मोबाईल बंद, बारा तास अभ्यास" हे तीन दिवस टिकतं आणि मोडलं की आणखी एक अपयश खात्यावर चढतं.

दोन, जोश भरणारे व्हिडिओ बघत बसणं. बघताना अंगावर काटा येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण केलेलं काहीच नसतं. बघायचाच तर एक बघावा आणि फोन ठेवून दहा मिनिटांचं काम धरावं.

तीन, गेलेलं एका झटक्यात भरून काढायला नवं कर्ज. पहिल्या बॅचमध्ये बसलेला माणूस दुप्पट पक्षी टाकायला निघतो, तेव्हा तो धंदा करत नसतो, अपयश पुसायला निघालेला असतो. आधी मर का लागली ते पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून समजून घ्यावं. हप्ता थकणार असेल तर बँकेत तोंड चुकवू नये. शाखेत स्वतः जाऊन बोलावं, मुदत वाढवून मिळते का ते विचारावं.

चार, दारू. एका रात्रीची झोप लागते, पण दुसरा दिवस हातातून जातो आणि मन पहिल्यापेक्षा खाली जातं.

घरच्यांनी काय करावं?

"शेजारच्याचा बघ कसा लागला" हे वाक्य घरात बंद करावं. त्यानं कुणी उठून कामाला लागलेलं नाही. त्याऐवजी घरातलं एखादं खरं काम सोपवावं. "उद्या बाजाराला तूच जा, हिशोबही तूच ठेव." आपल्यावर कुणीतरी काही सोपवतंय, याचा आधार उपदेशापेक्षा मोठा असतो. आणि काम झालं की "बरं झालं, तू होतास" एवढं म्हणावं.

पोरींच्या बाबतीत आणखी एक भान हवं. पोराला निदान दुसरी संधी मिळते. पोरीचा एक निकाल हुकला की बऱ्याच घरांत लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. मग तिला दोन धक्के एकदम बसतात, निकालाचा आणि दार बंद झाल्याचा. तिचाही कागद तसाच बसून भरावा. गेलं काय, उरलं काय, वेळ किती. "अजून किती वेळा" हा आकडा तिच्यासाठीही तिला विचारूनच ठरावा.

इथं मात्र दहा मिनिटांचं काम पुरत नाही

दोन आठवडे उलटले तरी मन सारखं उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप किंवा भूक पार बिघडली आहे, "माझा काही उपयोग नाही" हाच विचार येतो, तर हे नुसतं अडकणं राहिलेलं नाही. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जावं. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र कधीही, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.

"जगून काय करायचं", "मी नसलो तर बरं" असं कुणी बोललं तर ते नाटक समजू नये. उपदेश न करता ऐकून घ्यावं, त्याला एकटं सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात असे विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं घरात उघडी ठेवू नयेत. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. संकटाची ती घटका टळली की बरेच जण वाचतात. तातडीची वेळ असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

बाकीच्यांसाठी सुरुवात आजच होऊ शकते, आणि ती फार मोठी नसते. एक कागद, तीन ओळी आणि उद्याच्या चहानंतरची दहा मिनिटं. मन मागून येईल. आज रात्री खुंटीवरचे बूट काढून दाराशी ठेवले, तरी पहिलं काम झालं.